समूहासमोर बोलताना छाप पडते ती नेमकी कशाने?

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

कामाच्या निमित्ताने मला सतत कुणाला ना कुणाला समूहासमोर बोलताना ऐकावं लागतं. प्रकल्पांची सादरीकरणं, प्रशिक्षणाचे वर्ग, निवड समितीपुढची छोटी भाषणं. माहिती सारखीच, तयारीही साधारण सारखीच, तरी एकाचं बोलणं लोक कान टवकारून ऐकतात आणि दुसऱ्याने तोंड उघडलं की हात आपोआप फोनकडे जातात. हा फरक कुठे पडतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात बराच काळ घोळतोय.

अलीकडे एका बैठकीत हा फरक अगदी लागोपाठ बघायला मिळाला. पहिले वक्ते उठले आणि चालता चालताच सुरू झाले, "ऐकू येतंय ना सगळ्यांना? मी फार वेळ घेणार नाही. खरं तर तयारीला वेळच मिळाला नाही, त्यामुळे जरा सांभाळून घ्या..." एवढं बोलून होईपर्यंत ते जागेवर पोचलेसुद्धा नव्हते. पुढे त्यांनी सांगितलं ते कामाचं होतं, पण ऐकणाऱ्यांनी तोवर मनातून रजा घेतली होती. त्यांच्यानंतरच्या बाई जागेवर गेल्या, कागद ठेवले, मान वर केली आणि खुर्च्यांची सरकासरक थांबेपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. मग पहिलंच वाक्य, "आपलं काम तीन जागी अडतं. त्यातली पहिली जागा इथल्या निम्म्या लोकांना रोज दिसते." खोली एकदम शांत. आवाज मोठा नव्हता, हातवारे नव्हते, कपडेही चारचौघींसारखेच. पण पुढची वीस मिनिटं कुणी हललं नाही.

माझं मत असं होत चाललंय की करिश्मा म्हणून आपण ज्याला देवदत्त मानतो, त्यातला बराच भाग अशा बारीकसारीक आणि शिकण्याजोग्या गोष्टींचा असतो. आणि बोलणाऱ्याचं लक्ष स्वतःवरून उठून समोरच्यांवर गेलं की त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी आपसूक जमायला लागतात. पहिल्या वक्त्यांचं सगळं लक्ष "माझ्याबद्दल काय वाटेल" इथे होतं. बाईंचं "यांना काय कळायला हवं" इथे.

हे तुम्हाला पटतं का? आणि शिकायचं ठरवलं तर हात कुठून घालायचा? आवाज, देहबोली, मजकूर, की आधी भीती? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तालीममास्तर

छान धागा. हौशी नाटकमंडळींच्या तालमी घेतो, त्यामुळे मी आवाजाकडूनच येणार.

घाबरलेल्या माणसाचा आवाज वर चढतो, कारण मानेचे आणि घशाचे स्नायू आवळले जातात आणि स्वरयंत्र वर ओढलं जातं. त्यात श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला असतो. खांदे उचलले गेलेले दिसले की समजायचं, हा माणूस तिसऱ्या वाक्याला धापा टाकणार. अशा वेळी लोक "दीर्घ श्वास घे" म्हणतात आणि तो आणखी हवा भरून घेतो. मी उलट सांगतो. आधी आत असलेला श्वास तोंडाने हळूहळू पूर्ण सोडा. तो रिकामा झाला की पुढचा आपोआप खाली पोटापर्यंत जातो, तो घ्यावा लागत नाही. उभं राहण्याआधी खुर्चीत बसल्या बसल्या हे दोन-तीनदा करा, कुणाला कळतही नाही.

दुसरी गोष्ट मराठीत बोलणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. काम झालं की होणार आहे, करायचं की टाळायचं, सगळा निकाल शेवटच्या एक-दोन शब्दांत लागतो. आणि श्वास संपत आल्यामुळे नेमके तेच शब्द आपण खातो. "हा प्रस्ताव आपण या वर्षीच..." इथपर्यंत खणखणीत, आणि "स्वीकारायला हवा" घशात. मागच्या रांगेतल्या माणसाला विषय कळतो, तुमचं म्हणणं कळत नाही. वर बोलणाऱ्याचीच स्वतःच्या म्हणण्याबद्दल खात्री नाही असं वाटतं. यावर तालमीत करून घेण्याचा प्रकार सोपा आहे. खोलीच्या एका टोकाला उभं राहायचं, समोरच्या भिंतीवरची एक जागा ठरवायची आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्या जागेपर्यंत पोचवायचा. ओरडायचं नाही, पोचवायचा. थोड्याच दिवसांत वाक्यं आपोआप आखूड होतात, कारण लांब वाक्याला शेवटपर्यंत श्वास पुरत नाही हे शरीरालाच कळतं.

तिसरं, विराम. पूर्णविराम आला की थांबा. मनात "एक, दोन" म्हणा. बोलणाऱ्याला हे दोन अंक युगासारखे वाटतात, ऐकणाऱ्याला तेवढ्यात वाक्य पचवायची फुरसत मिळते. "म्हणजे", "तर", "बेसिकली", "ॲक्च्युअली" ही सगळी भरती शांततेच्या धास्तीने होते. शब्द काढून टाकायच्या मागे लागू नका, त्यांच्या जागी थांबायला शिका. भरती हळूहळू ओसरते.

पायांबद्दल एवढंच सांगतो की दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवा आणि मुद्दा बदलतानाच जागा बदला. बोलताना सतत झुलणाऱ्या माणसाकडे बघून ऐकणाराही अस्वस्थ होतो. हातांचं काय करायचं हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर असं, की पोटासमोर सैल ठेवा आणि विसरून जा. बोलण्यात जीव असेल तर ते स्वतःहून उठतात.

रानजाई

शेवटच्या शब्दाचं अगदी शंभर टक्के पटलं. आमच्याकडचे एक वरिष्ठ फार हुशार आहेत, पण त्यांच्या सभेनंतर लोक एकमेकांना विचारत बसतात, "शेवटी करायचं ठरलं की नाही?"

वाचनखूण साठवली.

धन्वंतर

भीतीबद्दल वैद्यकीय बाजूने लिहितो.

समूहासमोर उभं राहणं हा शरीराच्या दृष्टीने खराखुरा ताण आहे. इतका भरवशाचा, की ताणाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत माणसावर मुद्दाम ताण आणण्यासाठीच वापरला. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी १९९३ मध्ये मांडलेली चाचणी आजही जगभर वापरतात. थोडा तयारीचा वेळ, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण आणि त्यानंतर तोंडी वजाबाकी. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक लक्षात येईल इतकं वाढतं. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. घशाला कोरड पडणं, हात गार पडणं, छातीत धडधडणं हे तुमच्या स्वभावातलं वैगुण्य नाही. आणि समोरचे चेहरे निर्विकार असले की ताण जास्त चढतो, त्यामुळे सुरुवातीला श्रोत्यांत मान डोलावणारे एक-दोन चेहरे शोधून ठेवणं हा अतिशय शहाणपणाचा उपाय आहे.

तालीममास्तरांनी श्वास सोडायला सांगितला त्याला शरीरशास्त्रात आधार आहे. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवायचा. तोंड कोरडं पडतं कारण ताणात लाळ कमी होते. घोटभर साधं पाणी जवळ असू द्या, आणि ते पिण्यासाठी थांबणं हाही एक विरामच आहे.

आता सर्वांत उपयोगाचं. भीती घालवून आधी शांत व्हायचं आणि मग बोलायचं, असा आपला हट्ट असतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणाआधी काही जणांना "मी शांत आहे" असं म्हणायला सांगितलं आणि काहींना "मला उत्साह वाटतोय" असं. दुसऱ्या गटाची भाषणं परीक्षकांना जास्त पटणारी आणि जास्त आत्मविश्वासाची वाटली. धडधड दोन्हीकडे असते. उत्तेजित शरीराला एकदम शांत करणं अवघड, पण त्याच उत्तेजनेला उत्साह म्हणणं शक्य असतं. हे वाक्य मोठ्याने म्हणा, निदान पुटपुटा.

बहुतेकांची धडधड सुरुवातीच्या क्षणांत सर्वांत जास्त असते आणि बोलता बोलता उतरते. म्हणून पहिली दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पक्की हवीत. तेवढा पूल ओलांडला की पुढे वाट सोपी आहे.

एक कळकळीची सूचना. भाषणाआधी धडधड थांबवणाऱ्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेणारे लोक मी पाहतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं दमा असलेल्यांना धोकादायक ठरू शकतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. आणि भीती इतकी असेल की तुम्ही त्यापायी संधीच नाकारताय, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत.

अबोली_०७

सगळं वाचतेय. पण मनात एक खटका आहे, तो मांडते.

मी मितभाषी आहे. हातवारे, विराम, नजर हे सगळं ठरवून करायचं म्हटलं की मला ते नाटक वाटतं. ज्यांच्यावर मी विश्वास टाकते ती माणसं असलं काही करत नाहीत. उलट जी माणसं हे सगळं सफाईने करतात, त्यांच्याबद्दल मला शंका येते. करिश्म्याच्या जोरावर लोकांना खड्ड्यात घालणारे पुढारी काही कमी झाले नाहीत. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने सत्तेचे तीन प्रकार सांगितले, परंपरेने आलेली, कायद्याने आलेली आणि व्यक्तीच्या करिश्म्यावर उभी असलेली. त्यातली तिसरी त्या माणसाबद्दलच्या श्रद्धेवर टिकते, म्हणणं खरं आहे की नाही यावर नाही. मग हे शिकायचं तरी का?

समांतर

अबोली, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला नुसतं "तसं नसतं हो" म्हणून चालणार नाही.

आधी देहबोलीबद्दलच्या दोन लोकप्रिय समजुती बाजूला करू, कारण नाटकीपणाचा उगम बऱ्याचदा तिथे असतो. "प्रभाव ५५ टक्के देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि फक्त ७ टक्के शब्दांचा" हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग आवड-नावड ओळखण्याबद्दल होते, तेही सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रं वापरून. मुद्देसूद भाषणाला ते लावता येत नाहीत, आणि असा अर्थ काढू नका हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. शब्द ७ टक्केच असते तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला जवळजवळ पूर्ण कळलं असतं.

दुसरी समजूत, भाषणाआधी दोन मिनिटं हात कमरेवर ठेवून छाती काढून उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात. २०१० मध्ये तसा अभ्यास आला, खूप गाजला. २०१५ मध्ये दोनशे जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांतला बदल काही सापडला नाही. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं त्यांना आता वाटत नाही. ताठ उभं राहिल्याने तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल राहा, पण त्यात जादू नाही.

मग शिकण्याजोगं काय उरतं? लोझान विद्यापीठातले जॉन अँटोनाकिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला, करिश्मा शिकवता येतो का. त्यांनी व्यवस्थापकांना काही ठरावीक गोष्टी शिकवल्या आणि नंतर ते इतरांना कसे वाटतात हे तपासलं. फरक पडला. गंमत म्हणजे त्यांच्या यादीतल्या बऱ्याचशा गोष्टी आवाजाच्या किंवा हातांच्या नाहीत, मजकुराच्या आहेत. उपमा, छोटी गोष्ट, विरोध दाखवणारी मांडणी, प्रश्न, तीन भागांची यादी, समूहाच्या मनात जे आहे ते बोलून दाखवणं, काय योग्य आणि काय अयोग्य याबद्दलची स्पष्ट भूमिका, मोठं ध्येय आणि ते गाठता येईल याची खात्री.

उदाहरण देतो. समजा एखाद्या गटाला सांगायचंय की कामाच्या नोंदी वेळेवर ठेवा. एक पद्धत अशी: "नोंदी ठेवण्याच्या प्रक्रियेत सातत्य असणं आवश्यक असून सर्वांनी त्याबाबत सहकार्य करावं." दुसरी अशी: "नोंदी ठेवणं कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. दिवसभर राबून शेवटी पुन्हा रकाने कोण भरणार? पण आज न लिहिलेली ओळ पुढच्या महिन्यात आपल्यातलाच कुणीतरी तासभर शोधत बसणार आहे. ती ओळ आपण त्याच्यासाठी लिहितोय." दुसऱ्यात समूहाची भावना आहे, प्रश्न आहे, विरोध आहे आणि कुणाप्रति काय कर्तव्य आहे तेही आहे. खोटं त्यात एक अक्षर नाही. उलट, दुसरं लिहिणाऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त विचार करावा लागलाय.

म्हणून, अबोली, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. जे म्हणणं तुम्हाला स्वतःला पटलेलं नाही ते पटवण्यासाठी ही साधनं वापरली तर ती फसवणूकच. पण पटलेलं म्हणणं मिळमिळीतपणे सांगून वाया घालवणं हाही ऐकणाऱ्यांवर अन्याय आहे. आणि मितभाषी माणसाला यातलं काहीच वर्ज्य नाही. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या बैठकीत गांधीजींना स्वतः लिहून आणलेलं म्हणणंही वाचता आलं नव्हतं, ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. पुढे लाखोंच्या सभांमध्येही त्यांचं बोलणं संथ, साधं, जवळजवळ गप्पांच्या सुरातलं राहिलं. लोक ऐकत होते, कारण माणूस आणि म्हणणं यांच्यात फट नव्हती.

अबोली_०७

समांतर, धन्यवाद. "फट नव्हती" हे पटलं. हातवाऱ्यांची सक्ती नाही हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. वाक्य बांधण्याचं काम मला आवडतं, ते मी करू शकेन.

गवाक्ष

+१. समांतर यांचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यावा.

हिरवाचाफा

एक बाजू राहतेय. आत्मविश्वासाने बोलणाऱ्या पुरुषाला लोक खंबीर म्हणतात, तेच एखादी बाई तशी बोलली तर आगाऊ म्हणतात. हळू बोलावं तर मध्येच तोडतात, जोरात बोलावं तर आवाज कर्कश वाटतो. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी तर प्रशिक्षण घेऊन आवाजाची पट्टी खाली आणली होती. मला ते करायचं नाही. ज्या गटात मला हमखास मध्ये तोडलं जातं तिथे काय करू?

पायवाट (धागाकर्ती)

हिरवाचाफा, हे मीही जवळून पाहते. पट्टी बदलायची अजिबात गरज नाही. मी ज्या बाईंबद्दल वर लिहिलंय, त्यांना त्याच बैठकीत एकाने मध्ये तोडलं. त्यांनी आवाज चढवला नाही आणि थांबल्याही नाहीत. वाक्य त्याच गतीने, त्याच सुरात पूर्ण केलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग त्या गृहस्थांकडे बघून म्हणाल्या, "तुमचा मुद्दा दुसऱ्या जागेबद्दल आहे, मी तिथे येतेच आहे." आणि खरोखर तिथे पोचल्यावर त्यांना बोलायला सांगितलं. सूत्रं पूर्ण वेळ त्यांच्याच हातात राहिली आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

आणखी एक उपाय म्हणजे सुरुवातीलाच मुद्द्यांची संख्या सांगून टाकणं. "मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत" म्हटलं की दुसऱ्या गोष्टीनंतर तोडणाऱ्याला बाकीचेच थांबवतात. आणि सभा चालवणाऱ्यांचंही यात कर्तव्य आहे. "आधी त्यांचं पूर्ण होऊ द्या" हे वाक्य अध्यक्षाने म्हणायला हवं. सगळा भार तोडल्या जाणाऱ्या व्यक्तीवर टाकणं योग्य नाही.

क्षितिजरेषा

मी तोतरेपणा असलेली व्यक्ती आहे. असे धागे वाचताना मला नेहमी वाटतं की आत्मविश्वास आणि अस्खलितपणा या दोन गोष्टी लोक एकच समजतात. त्या एक नाहीत. मी अडखळते, पण काय बोलायचंय ते मला ठाऊक असतं. सुरुवातीलाच शांतपणे सांगून टाकते, "मी बोलताना अडखळते, शब्दाला थोडा वेळ लागेल." त्यानंतर खोलीतला ताण निघून जातो, माझाही. हे सांगणं वर उल्लेख झालेल्या "सांभाळून घ्या" प्रकारातलं नाही. मी माफी मागत नाही, माहिती देते.

ब्रिटनचे सहावे जॉर्ज राजे होण्यापूर्वी, १९२५ मध्ये वेम्बली इथल्या प्रदर्शनाच्या समारोपाला बोलताना फार अडखळले होते. त्यानंतर लायनेल लोग या वाचा-उपचार करणाऱ्या शिक्षकांकडे श्वासाचे आणि उच्चारांचे व्यायाम त्यांनी वर्षानुवर्षं केले. ते पूर्ण अस्खलित कधीच झाले नाहीत, पण युद्धकाळात देशाने त्यांचं बोलणं ऐकलं. तालीममास्तरांच्या श्वासाच्या व्यायामाचा मलाही उपयोग होतो. मात्र ज्यांचा तोतरेपणा जास्त आहे त्यांनी वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावं. "हळू बोल, घाबरू नकोस" असा सल्ला कृपया कुणी देऊ नका. आणि आमची वाक्यं आमच्यासाठी पूर्ण करू नका.

धन्वंतर

क्षितिजरेषा, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा असा आहे. मनापासून आभार.

गवाक्ष

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. मध्येच सगळं विसरलं तर? मला बाकी कशाची भीती नाही, ह्याची आहे. आणि दुसरं, प्रश्नोत्तरांत उत्तर येत नसेल तर?

तालीममास्तर

विसरण्याबद्दल मी सांगतो.

शब्दन् शब्द पाठ करणाऱ्यालाच विसरण्याची खरी धास्ती असते, कारण एक दुवा निखळला की पुढचं काही सापडत नाही. चर्चिल तरुणपणी भाषणं पाठ करून येत. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचा धागा तुटला, काही केल्या पुढचं आठवेना, आणि ते तसेच खाली बसले. त्यानंतर ते टिपणं घेतल्याशिवाय बोलायला उभे राहत नसत. एवढ्या मोठ्या वक्त्याला कागदाची लाज वाटली नाही, तर आपण का वाटून घ्यायची?

पहिली दोन वाक्यं पाठ, शेवटचं वाक्य पाठ, मधल्या प्रत्येक मुद्द्यासाठी कार्डावर ठळक अक्षरात दोन-तीन शब्द. एवढं पुरतं. विसरलं तर थांबा, कार्डाकडे बघा, वाचून होईपर्यंत बोलू नका, मग मान वर करून बोला. लोकांना तो विचारपूर्वक घेतलेला विराम वाटतो. कार्डातही सापडलं नाही तर आत्ताच सांगितलेला मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, तोवर पुढचा सापडतो. मोठ्या भाषणांत उत्स्फूर्त वाटणाऱ्या जागाही बऱ्याचदा आधी घोटलेल्या असतात. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये बोलताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी लिहिलेला मजकूर बाजूला ठेवला आणि स्वप्नाबद्दल बोलायला लागले. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून तशी हाक दिली होती. पण ती स्वप्नाची मांडणी त्यांनी त्याआधीच्या सभांमध्येही केली होती. ती ओठांवर तयार होती म्हणूनच ऐन वेळी आली.

समांतर

याला संशोधनाचीही जोड आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं की प्रेक्षकांच्या हजेरीत माणसाचं मुरलेलं काम सुधारतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं. म्हणून तालीम मनातल्या मनात नको, उभं राहून, तोंडाने, मोठ्या आवाजात हवी. मनातल्या तालमीत आपण अवघड वाक्यांवरून नकळत उडी मारून जातो.

प्रश्नोत्तरांबद्दल. प्रश्न पूर्ण ऐका. घाईने उत्तर सुरू करणं हीच बहुतेकांची अडचण असते. मग तो थोडक्यात सगळ्यांना पुन्हा सांगा, त्यामुळे मागच्यांना कळतो आणि तुम्हाला क्षणभर मिळतो. उत्तर विचारणाऱ्याकडे बघून सुरू करा, पण मध्यावर नजर इतरांकडे न्या, नाहीतर ते दोघांचं खाजगी संभाषण होतं आणि बाकीचे निसटतात. माहीत नसेल तर "हे मला आत्ता माहीत नाही, उद्यापर्यंत कळवतो" असं सरळ सांगा आणि नक्की कळवा. माझ्या मते वक्त्यावरचा विश्वास भाषणात जेवढा वाढत नाही तेवढा अशा एका प्रामाणिक उत्तराने वाढतो. नंतर न कळवणाऱ्यांमुळे मात्र या वाक्याची किंमत गेली आहे, याचं वाईट वाटतं.

रानजाई

ऑनलाइन सभांचं काय? तिथे चेहरेच दिसत नाहीत.

पायवाट (धागाकर्ती)

रानजाई, तिथे माझा अनुभव थोडक्यात. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर घ्या. महत्त्वाचं वाक्य बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघा. स्वतःची चौकट लपवून टाका, आरशात बघत बोलल्यासारखं होतं. आणि दर काही मिनिटांनी कुणाला तरी नावाने प्रश्न विचारा. आवाजाचं सगळं गणित मात्र तेच.

धाग्यावर आलेल्या सगळ्यांचे आभार. एक भर घालते, कारण ती मला स्वतःला फार उपयोगी पडली. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषणाच्या भीतीवर प्रयोग केले. वक्त्यांना वाटत होतं की आपली घाबरगुंडी सगळ्यांना स्पष्ट दिसतेय. प्रत्यक्षात श्रोत्यांना ती बरीच कमी दिसत होती. पुढे त्यांनी काही वक्त्यांना भाषणाआधीच ही गोष्ट सांगून ठेवली. त्या वक्त्यांना स्वतःचं भाषण जास्त बरं वाटलंच, श्रोत्यांनाही त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली वाटली. आतली धडधड बाहेर ऐकू जात नाही, एवढं ठाऊक असण्यानेच फरक पडला. लक्ष स्वतःवरून उठवायचं म्हणजे काय, हे मला यातून जास्त नीट कळलं. मला कुणी न्याहाळत नाहीये याची खात्री पटली की मी समोरच्यांना न्याहाळायला मोकळी होते. कुणाच्या कपाळावर आठी आली, कुणी वही उघडली, कुणाला मुद्दा पोचला नाही, हे दिसायला लागतं आणि बोलणं त्याप्रमाणे वळतं.

गवाक्ष, अबोली, तुम्ही सरावाला सुरुवात करणार असाल तर फोनवर स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं चित्रित करा आणि तीन वेळा बघा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे झुलणं आणि खांदे दिसतात. एकदा डोळे मिटून नुसतं ऐका, खाल्लेले शब्द कळतात. तिसऱ्यांदा नेहमीसारखं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्या. नियमित व्यासपीठ हवं असेल तर १९२४ पासून चालत आलेल्या टोस्टमास्टर्ससारख्या मंडळांच्या सभा आहेत. तिथे पाच ते सात मिनिटांची भाषणं होतात, वेळेसाठी हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो आणि भरतीचे शब्द मोजायला एक सभासद नेमलेला असतो. तसं मंडळ जवळपास नसेल तर चार मित्र जमवा.

अबोली_०७

चित्रीकरण केलं. आवाज बंद करून बघितलं तेव्हा मी वाटले होते त्यापेक्षा बरीच स्थिर दिसले. ऐकल्यावर मात्र तालीममास्तरांचं म्हणणं पदोपदी खरं निघालं, "आहे" आणि "नाही" दोन्ही सारखेच पुसट. पुढच्या आठवड्यात गटासमोर दहा मिनिटं बोलायचंय. पहिली दोन वाक्यं लिहून झालीत, इथे टाकू का? कुणी तपासून द्याल?

तालीममास्तर

टाका. आणि लिहिलेली नकोत, बोलून रेकॉर्ड केलेली असतील तर जास्त बरं.